स्नायूतून बाहेर पडायला किती वेळ लागतो? ए. व्ही. हिल यांची गोष्ट

बऱ्याच दिवसांनी जिममध्ये गेलात, जोशात बैठका मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी असहकार पुकारला. ट्रेनरला विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं: लॅक्टिक ॲसिड साचलंय, दोन दिवसांत जाईल.

हे उत्तर चूक आहे, पण ते आपण नंतर बघू. आधी त्यातला एक शब्द पकडा. जाईल म्हणजे नेमकं कसं जाईल? स्नायूच्या आत तयार झालेला पदार्थ बाहेर येतो तो कोणत्या वाटेनं, कोण ढकलतं त्याला, आणि त्याला किती वेळ लागतो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं आकड्यांत उत्तर काढायला एक गणितज्ञ लागला. तोही असा, की ज्यानं गणित सोडून बेडकाच्या पायाच्या स्नायूत आयुष्य घातलं.

आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. जन्म २६ सप्टेंबर १८८६, ब्रिस्टल, इंग्लंड. आपली दोन्ही नावं त्यांना अजिबात आवडत नसत, त्यामुळे सगळे त्यांना ए. व्ही. म्हणायचे. (आपल्याकडे पु. ल. आणि व. पु. असतात, तसंच हे.) घराणं लाकडाच्या व्यापाऱ्यांचं. ए. व्ही. तीन वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले आणि आईनं एकटीनं मुलगा आणि मुलगी वाढवली. शाळेपासून शिष्यवृत्त्या मिळवत हा मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचला आणि १९०७ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तिसरा आला. त्या काळी तिसरा रँग्लर म्हणजे पुढची वाट ठरलेलीच होती. पण हिल यांना नुसत्या गणितात आयुष्य काढायचा कंटाळा आला होता.

त्यांचे ट्यूटर होते वॉल्टर फ्लेचर. हा माणूस गोष्टीत महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी, १९०७ मध्ये, फ्लेचर आणि गॉलंड हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूवरचं एक गाजलेलं संशोधन छापलं होतं. स्नायूला ऑक्सिजन न देता काम करायला लावलं की त्यात लॅक्टिक ॲसिड साचतं, आणि ऑक्सिजन दिला की ते नाहीसं होतं, असं त्यांनी दाखवलं. फ्लेचरनी आपल्या हुशार विद्यार्थ्याला सुचवलं की शरीरशास्त्रात ये, इथे गणित येणारी माणसं फार कमी आहेत.

हिल गेले. १९१० मध्ये त्यांनी हिमोग्लोबिनला ऑक्सिजन कसा चिकटतो याचं एक समीकरण मांडलं. आजही औषधशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात ते हिल समीकरण म्हणून सापडतं. त्यांच्या लेखी ते एक छोटं काम होतं. खरं काम पुढे होतं.

एका अंशाचे तीन हजारांश

स्नायू आकुंचन पावला की उष्णता निर्माण होते. किती? बेडकाच्या स्नायूला विजेचा एक झटका दिला, त्यानं एकदा आचका दिला, की त्याचं तापमान वाढतं साधारण ०.००३ अंश सेल्सिअसनं. ताप मोजायच्या थर्मामीटरला याचा पत्ताही लागणार नाही. हिल यांनी त्यासाठी थर्मोपाईल वापरला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एकाआड एक जोडायचे, त्यावर स्नायू ठेवायचा, आणि तापमानातल्या फरकामुळे निर्माण होणारी सूक्ष्म वीज गॅल्व्हॅनोमीटरनं मोजायची. १९११ मध्ये ही कला नीट शिकायला ते जर्मनीला जाऊन आले. पुढे ए. सी. डाऊनिंग या कसबी कारागिराच्या जोडीनं त्यांनी जगात कुठे नव्हती अशी उपकरणं बनवून घेतली.

या मोजणीतून १९१३ च्या सुमारास एक मोठी गोष्ट बाहेर आली. स्नायू आकुंचन पावताना जी उष्णता निघते तिला ऑक्सिजन लागत नाही. पण काम संपल्यावर बराच वेळ, मिनिटांच्या हिशेबात, आणखी उष्णता निघत राहते, आणि या दुसऱ्या उष्णतेला मात्र ऑक्सिजन लागतो. म्हणजे स्नायू आधी काम करतो आणि मग सावकाश भरपाई करतो. मोबाईल वापरताना चार्जर लावायची गरज नसते, तसं काहीसं. याच शोधासाठी त्यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. ते जर्मनीच्या ऑटो मायरहोफ यांच्याबरोबर विभागून होतं. मायरहोफनी लॅक्टिक ॲसिड आणि ऑक्सिजन यांचा रासायनिक हिशेब लावला होता.

मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. त्यात हिल विमानविरोधी तोफांच्या संशोधनगटाचे प्रमुख होते. विमान नेमकं किती उंचीवर आहे आणि गोळा कुठे फुटला हे आरशांच्या साहाय्यानं मोजायचं काम. सैन्यात गेलेले तरुण गणितज्ञ त्यांना मिळेनात, म्हणून त्यांनी फार तरुण, वयस्कर किंवा सैन्यासाठी नापास ठरलेली माणसं गोळा केली. त्यात विल्यम हार्ट्री आणि त्यांचा मुलगा डग्लस असे बापलेक होते. डग्लस हार्ट्री पुढे संगणनातलं मोठं नाव झालं, मेकॅनोच्या खेळण्याचे भाग जोडून समीकरणं सोडवणारं यंत्र बनवणारे तेच. वडील विल्यम मात्र युद्ध संपल्यावर हिल यांच्याबरोबर बेडकाच्या स्नायूकडे वळले.

आणि इथे एक अडचण होती, जी आपल्या मूळ प्रश्नाकडे नेते. थर्मोपाईलला उष्णता कळते ती उशिरा. स्नायूतून धातूपर्यंत पोचायला वेळ, गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलायला वेळ. मग कागदावर जो संथ आलेख उमटतो तो स्नायूचा संथपणा की वाटेचा? हिल आणि हार्ट्री यांनी यावर युक्ती काढली. मेलेल्या स्नायूत विजेनं ठरावीक उष्णता एकदम सोडायची, तिचा आलेख काढायचा, आणि जिवंत स्नायूच्या आलेखातून वाटेचा हा उशीर गणितानं वजा करायचा. आजचा इंजिनिअर याला सिस्टिमचा रिस्पॉन्स म्हणेल. त्यांनी हे १९२० साली हातानं, कागदावर केलं.

उदबत्तीचं उदाहरण विसरा

विसरण, म्हणजे डिफ्युजन, शिकवताना शाळेत हमखास उदबत्तीचं उदाहरण देतात. एका कोपऱ्यात लावली की वास खोलीभर पसरतो. माझ्या मते हे उदाहरण बंद करायला हवं. उदबत्तीचा वास पसरवतात हवेचे झोत. हवा पूर्ण स्थिर असती तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला वास यायला तासन्‌तास लागले असते. त्यापेक्षा चहा घ्या. साखर घाला आणि ढवळू नका. वरचा चहा प्यायलात तर फिका, तळाशी पाक. तिथे जे अगदी हळूहळू वर सरकतंय ते खरं विसरण.

रेणू इकडेतिकडे धडपडत असतात, कोणी ढकलत नाही, पण जिथे गर्दी जास्त तिथून कमी गर्दीकडे एकूण सरक होते. याचा नियम १८५५ मध्ये ॲडॉल्फ फिक यांनी मांडला. त्यांनी काय केलं, तर फूरिये यांचं उष्णतेच्या वहनाचं गणित उचललं आणि तापमानाच्या जागी पदार्थाचं प्रमाण घातलं. समीकरण तेच. गंमत म्हणजे फिकही स्नायूंवरच काम करणारे शरीरशास्त्रज्ञ होते.

या समीकरणात एक फार छळणारी गोष्ट दडलेली आहे. अंतर दुप्पट केलं तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहापट अंतराला शंभरपट वेळ.

पाण्यातल्या लॅक्टिक ॲसिडसाठी ढोबळ हिशेब करून बघू. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण एका पेशीच्या आतलं अंतर, तो रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. एक दशांश मिलिमीटरला पाच सेकंद. एक मिलिमीटरला आठ मिनिटं. एक सेंटिमीटरला चौदा तास. आणि मांडीच्या आतून, पाच सेंटिमीटर खोलवरून, कातडीपर्यंत यायचं म्हटलं तर जवळजवळ दोन आठवडे! हे पाण्यात. स्नायूत पेशींचे पडदे आणि प्रथिनांची दाटी, त्यामुळे तिथे वेळ याहून जास्तच.

आता १९२० च्या दशकातली प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. हिल तेव्हा मँचेस्टरहून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले होते. टेबलावर बेडकाचा सार्टोरियस नावाचा स्नायू, चपटा, पट्टीसारखा, जेमतेम मिलिमीटरभर जाड. शरीरातून काढलेला, त्यामुळे रक्तपुरवठा शून्य. ऑक्सिजन आत जाणार तो फक्त पृष्ठभागावरून विसरणानं, आणि लॅक्टिक ॲसिड बाहेर येणार तेही तसंच. मग जो मंद, मिनिटं चालणारा भरपाईचा काळ मोजून नोबेल मिळालं, तो स्नायूच्या रसायनशास्त्राचा वेग होता, की ऑक्सिजन आत पोचायला लागणारा वेळ?

स्वतःच्या नोबेलच्या कामाबद्दल असा प्रश्न विचारायला धाडस लागतं. हिल यांनी तो विचारला, आणि १९२८ मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये ऊतकांतून ऑक्सिजन आणि लॅक्टिक ॲसिड यांच्या विसरणावर एक लांबलचक निबंध छापला. जवळपास साठ पानं, त्यात गणितच गणित. उष्णतेच्या आलेखांतला उशीर वजा करताना जे गणित हातात बसलं होतं तेच इथे कामी आलं, कारण समीकरण तेच! स्नायू पट्टीसारखा असेल तर काय, दोऱ्यासारखा गोल असेल तर काय, पदार्थ वाटेत वापरला जात असेल तर काय, अचानक तयार होऊन बाहेर पडत असेल तर काय, अशा एकेक परिस्थितीची उत्तरं त्यांनी काढून ठेवली.

त्यातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष जाडीचा. बाहेरून आत येणारा ऑक्सिजन प्रत्येक थर थोडाथोडा खात जातो. ठरावीक खोलीनंतर काहीच उरत नाही. ही खोली ऑक्सिजनच्या खपाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे स्नायूचा खप चौपट झाला की ऑक्सिजन पूर्वीच्या निम्म्याच खोलीपर्यंत पोचतो. आराम करणारा स्नायू बाहेरच्या ऑक्सिजनवर छान जगेल, पण त्यालाच पळवलं की गाभा गुदमरतो, बाहेर कितीही ऑक्सिजन असो. म्हणून जाड स्नायूवर केलेले प्रयोग पुष्कळदा स्नायूबद्दल काही सांगतच नाहीत, फक्त जाडीबद्दल सांगतात.

बाहेर येणाऱ्या लॅक्टिक ॲसिडचं मोजमाप त्याच वर्षी ग्रेस आणि फिलिप एगल्टन या दांपत्याबरोबर झालं. हिल यांना स्नायूतून होणाऱ्या विसरणाचा स्वतःचा आकडा हवा होता, पाण्याचा नको. यातली मेख अशी की स्नायूतलं लॅक्टिक ॲसिड दोन वाटांनी कमी होतं, एक तर बाहेर पडून आणि दुसरं आतल्या आत वापरलं जाऊन. दोन्ही हिशेब वेगळे केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रसायनाची बाजू एगल्टन सांभाळत, गणिताची हिल.

अखंड शरीरात हा घोळ होत नाही, कारण तिथे केशवाहिन्या असतात. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये दाखवलं होतं की स्नायू काम करू लागला की बंद असलेल्या असंख्य केशवाहिन्या उघडतात आणि प्रत्येक पेशीपासून रक्ताचं अंतर घटतं. (क्रोग यांना त्यासाठी लागणारं समीकरण सोडवून दिलं ते एर्लांग यांनी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती लाईन लागतील याचं गणित करणारे तेच एर्लांग.) पेशीपासून केशवाहिनी वीस मायक्रोमीटरवर असेल तर विसरणाचं काम सेकंदाच्या पाचव्या भागात उरकतं. पुढचा लांबचा प्रवास वाहतं रक्त करतं. म्हणून व्यायामानंतर एकदम बसू नका, थोडं चाला, असं सांगतात ते बरोबर आहे. चालत राहिल्यानं स्नायूतला रक्तप्रवाह टिकतो, लॅक्टिक ॲसिड लवकर वाहून जातं आणि वापरलंही जातं. उलट प्लँकसारख्या आवळून धरायच्या व्यायामात स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, आणि मग काही सेकंदांत जी आग होते ती आपण सगळ्यांनी भोगलीय.

स्वतःच प्रयोगातला बेडूक

हिल फक्त टेबलावरचे वैज्ञानिक नव्हते. पळण्याचं त्यांना वेड होतं. मँचेस्टरला असताना हार्टली लप्टन यांच्याबरोबर त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. पाठीवर डग्लस बॅग नावाची मोठी पिशवी बांधायची, तोंडात नळी, आणि गवताच्या मैदानावर गोल गोल पळायचं. सोडलेली हवा पिशवीत जमा करून तपासायची. त्यातून दोन कल्पना आल्या. एक, माणूस मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन घेऊ शकतो याला मर्यादा असते. त्यांची स्वतःची साधारण चार लिटर भरली. आज तुमचं स्मार्टवॉच जो व्हीओटू मॅक्स दाखवतं, त्याची ही आजी. दुसरी, ऑक्सिजनची उधारी. जोरात पळताना शरीर लॅक्टिक ॲसिड साचवून उधार घेतं आणि नंतर धापा टाकत फेडतं.

एकदा अमेरिकेत व्याख्यानानंतर कोणीतरी विचारलं, याचा उपयोग काय? हिल यांनी काही उपयोग सांगायचा प्रयत्न केला, आणि शेवटी कबूल केलं की खरं तर मजा येते म्हणून करतो.

पायाच काढून घेतला

आता गोष्टीतला कठीण भाग. हिल आणि मायरहोफ यांचं सगळं चित्र एका गृहीतकावर उभं होतं, ते म्हणजे लॅक्टिक ॲसिड तयार होणं हेच स्नायूच्या आकुंचनाचं कारण आहे.

पहिला तडा त्यांच्याच प्रयोगशाळेत गेला. १९२७ मध्ये एगल्टन दांपत्याला स्नायूत फॉस्फेटचा एक नाजूक पदार्थ सापडला. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो ओळखला, आणि तो फॉस्फोक्रिएटिन आहे हे दाखवलं. स्नायू काम करताना तो खर्च होत होता. मग १९३० मध्ये कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी घाव घातला. आयोडोॲसिटिक ॲसिड दिलेला स्नायू लॅक्टिक ॲसिड बनवूच शकत नाही. तरीही तो आकुंचन पावत होता! फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंत.

म्हणजे ज्या पदार्थाचा येण्याजाण्याचा हिशेब लावण्यात हिल यांनी दहा-पंधरा वर्षं घातली, तो मुळात कारण नव्हताच. बरीच मोठी माणसं अशा वेळी प्रयोगात खोट काढतात. हिल यांनी १९३२ मध्ये एक लेख लिहिला आणि शीर्षकातच याला स्नायूशास्त्रातली क्रांती म्हटलं. आपलं जुनं चित्र मोडलं हे त्यात त्यांनी स्वतःच सविस्तर मांडलं. मोजलेली उष्णता आणि विसरणाचं गणित मात्र जागच्या जागी राहिलं, कारण रेणूचं काम काय आहे यावर ते अवलंबूनच नव्हतं.

या काळात त्यांचा निम्मा वेळ दुसरीकडेच जात होता. १९३३ मध्ये हिटलर आला, ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं जाऊ लागलं, आणि हिल त्यांना इंग्लंडात आणून काम मिळवून देणाऱ्या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक झाले. १९३५ मध्ये देश नसलेला एक तरुण, बर्नार्ड कॅट्झ, त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्यालाही पुढे नोबेल मिळालं. मायरहोफना मात्र जर्मनी, मग फ्रान्स सोडून अमेरिका गाठावी लागली.

१९४३-४४ मध्ये हिल भारतात येऊन गेले. त्यावेळी ते ब्रिटिश खासदारही होते. इथल्या संशोधनाच्या स्थितीवर त्यांनी सरकारला अहवाल दिला, त्यात संपूर्ण देशासाठी एक मोठं वैद्यकीय केंद्र असावं अशी सूचना होती. भोर समितीनं पुढे तशीच शिफारस केली, आणि १९५६ साली दिल्लीत एम्स उभं राहिलं.

ट्रेनरचं काय?

मांड्यांचं दुखणं राहिलंच. व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट जवळपास पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते सवय नसलेल्या ताणामुळे तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे. शिवाय लॅक्टेट कचरा नाहीच. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याची परत साखर बनवतं. आणि पेशीच्या पडद्यातून ते नुसतं झिरपत नाही, तिथे त्याची ने-आण करणारी खास प्रथिनं असतात. त्यांची ओळख पटली १९९० च्या दशकात. हिल यांच्या हिशेबात हे दारवान नव्हते.

जाडीचा नियम मात्र आज वेगळ्याच ठिकाणी भेटतो. प्रयोगशाळेत पेशी वाढवून मांस किंवा अवयवाचा तुकडा बनवणाऱ्यांना दोन-तीनशे मायक्रोमीटरच्या पुढे गेलं की अडायला होतं, कारण गाभ्यातल्या पेशी मरतात. खिम्यासारखं काही जमतं, जाड तुकड्याचं अवघड, त्यासाठी आत रक्तवाहिन्यांसारख्या नळ्या घालाव्या लागतात. नळ्या किती अंतरावर हव्यात हे ठरवणाऱ्या गणिताचं मूळ क्रोग आणि हिल यांच्याकडेच जातं.

हिल निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत येत राहिले. १९६५ मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या निबंधांची यादी पुस्तकरूपात छापली, सोबत त्यातल्या काही विषयांचा आणि पद्धतींचा पुन्हा आढावा, आणि पुढे काय तपासायला हवं याचीही टिपणं. दोन वर्षांनी ते केंब्रिजला परतले. ३ जून १९७७ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं, नव्वदाव्या वर्षी.